मैदानांतून महाविद्यालयाकडे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-युवक मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या निमित्तानें परदेशीं गेलेलीं आपलीं पुष्कळ कुटुंबें ह्या आठवड्यांत स्वगृहीं आलीं आहेत. त्यांपैकीं अमेरिकेंत स्थायिक झालेल्या कांहीं पालकांनीं आम्हांस आजचा विषय सुचविला. त्यांचीं मुलें तेथील हायस्कुलांत शिकतात व फुटबॉल खेळतात. तिकडे ह्या खेळास सॉकर म्हणतात, कारण फुटबॉल हें नांव तेथें दुसऱ्याच एका खेळानें घेतलें आहे. ह्या मुलांस खेळाच्या बळावर महाविद्यालयांत प्रवेश मिळावा व जमल्यास शिष्यवृत्तिही मिळावी, ह्यासाठीं आईबापांनीं काय करावें, असा त्यांचा प्रश्न आहे. येथें राहणाऱ्या कांहीं घरींही हा प्रश्न पोहोंचला आहे, कारण "तुमच्या मुलास अमेरिकेंत खेळावयास पाठवितों" असें सांगणारे दलाल आतां आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊं लागले आहेत. अमेरिकेंतील धर्मग्रामांत आम्हीं कांहीं काळ सेवा केली. तेथील प्रशिक्षक, शिक्षक व पालक यांजपासून जें शिकलों, तें आज आपणांपुढें ठेवितों.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. मुलाला साह्य करणें म्हणजे त्याच्या वतीनें दारोदार ठोठावीत फिरणें नव्हे. दार उघडलें असतां त्यास स्वतःच्या पायांनीं आंत जातां यावें, आणि खेळ संपल्यावरही तेथें मानानें राहतां यावें, अशी त्याची तयारी करून देणें हेंच खरें साह्य होय.

प्रथम त्या देशाची रीत ध्यानीं घेऊं. युरोपांत हुशार खेळाडू लहानपणींच एखाद्या व्यावसायिक क्लबाच्या पदरीं जातो. अमेरिकेंत खेळ व विद्या यांची सांगड बहुतांशीं विद्यापीठांनींच घातली आहे. महाविद्यालयीन क्रीडेचा कारभार पाहणारी तेथील मुख्य संस्था 'एनसीएए' ह्या नांवानें ओळखिली जाते. तिनें 1973 सालीं आपल्या सभासद महाविद्यालयांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गांत मुलग्यांचे सुमारें 200 व मुलींचे सुमारें 350 सॉकरसंघ आहेत. मुलींचे संघ अधिक कां, असें कोणी विचारील. 1972 च्या एका कायद्यानें शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करण्यास बंदी केली, आणि त्या कायद्यानेंच मुलींस मैदानाचा हक्क मिळवून दिला. शिवाय अमेरिकन फुटबॉलच्या एकेका संघांत पुरुष खेळाडूंची मोठी पलटण असते. तिचा तोल मुलींच्या इतर संघांनीं सांभाळावा लागतो.

तिसऱ्या वर्गांतील 400 हून अधिक महाविद्यालयें सॉकर खेळतात, परंतु तेथें खेळासाठीं म्हणून एक डॉलरही दिला जात नाहीं. परीक्षेंतील गुण अथवा घरची गरज पाहून मात्र साह्य मिळतें. हार्वर्ड, येल इत्यादि आठ विद्यापीठांचा 'आयव्ही लीग' नांवाचा समूह पहिल्या वर्गांत असूनही त्याचा नियम हाच आहे. ह्याखेरीज 'एनएआयए' ही प्रायः लहान महाविद्यालयांची निराळी संस्था आहे, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचीं कनिष्ठ महाविद्यालयेंही आहेत. तेथून पुष्कळ खेळाडू पुढें मोठ्या महाविद्यालयांत जातात. म्हणजे वाट एकच नाहीं, आणि पहिल्या वर्गाची वाट हीच काय ती मानाची, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां कांहीं आंकडे पाहूं. तेथील हायस्कुलांतून साडेचार लाखांहून अधिक मुलगे व पावणेचार लाखांहून अधिक मुली सॉकर खेळतात. तिन्ही वर्ग मिळून एनसीएएच्या संघांत जागा मिळते ती शंभर मुलग्यांत पांचसहा जणांस व शंभर मुलींत सातएक जणींस. केवळ पहिला वर्ग धरिला तर शंभरांतून एकदोन मुलगे व दोनतीन मुली, एवढेंच माप उरतें. एका संघांत अठ्ठावीसएक खेळाडू व शिक्षण चार वर्षांचें, म्हणजे दर वर्षीं सुमारें सात जागा रिकाम्या होणार. त्यांतल्याही कांहीं जागा दुसऱ्या महाविद्यालयांतून बदलून येणारे व परदेशांतून येणारे खेळाडू घेतात. पहिल्या वर्गांतील मुलग्यांच्या संघांत एक तृतीयांशाहून अधिक खेळाडू परदेशीय असतात. हे आंकडे कोणाचा उत्साह मोडण्यासाठीं सांगत नाहीं. वाडी किती गुंठ्यांची हें पाहूनच आपण केळीचे कंद आणतों. तसेंच हें आहे.

ह्या वाटेंत धर्मग्रामाचा कांहीं संबंध आहे काय? आहे, आणि तो इतिहासांत नोंदलेला आहे. मिसुरी राज्यांतील सेंट लुइस शहरांत कॅथलिक धर्मग्रामांच्या मुलांचे फुटबॉलसामने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. 1950 च्या विश्वचषकांत ब्राझील देशांतील बेलो होरिझोंते येथें अमेरिकेनें इंग्लंडचा 1–0 असा पराभव केला, तेव्हां त्या अकरा जणांत पांच जण एकट्या सेंट लुइसचे होते. त्यांपैकीं बहुतेक 'द हिल' नांवाच्या इटालियन वस्तींतले. संत अँब्रोज यांच्या नांवाचें चर्च हें त्या वस्तीचें हृदय आहे. पुढें त्याच शहरांतील येशूसंघीय सेंट लुइस विद्यापीठानें 1959 पासून 1973 पर्यंत दहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. पहिले प्रशिक्षक बॉब गेल्कर हे धर्मप्रांताच्या युवक-मंडळाच्या कार्यांतून आलेले. त्यांच्या मागून आलेले हॅरी कीओ हे 1950 च्या त्या संघांतील खेळाडू असून पोटासाठीं टपालखात्यांत नोकरी करीत. त्यांच्या संघांतील पुष्कळ मुलें त्याच शहरांतलीं, चर्चच्या मैदानांवर वाढलेलीं होतीं. त्या मुलांजवळ पैका नव्हता. परंतु नित्य खेळावयास जागा होती, वेळेवर येणारा पंच होता आणि आपल्या मुलांस नांवानें ओळखणारीं वडीलधारीं माणसें होतीं.

आज काळ पालटला आहे. मोठ्या क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत. महाविद्यालयांचे प्रशिक्षक तेथें मैदानाच्या कडेला वही घेऊन बसतात, आणि तेथवर पोहोंचण्यास आईबापांस वर्षाकाठीं हजारों डॉलर खर्चावे लागतात. म्हणूनच पालकांचीं कर्तव्यें नीट ओळखणें अवश्य झालें आहे.

पहिलें कर्तव्य सत्याचें. आईच्या डोळ्यांस आपलें मूल सुंदर दिसतें, बापाच्या डोळ्यांस शूर दिसतें. परंतु प्रशिक्षकाचे डोळे परके असतात. मुलाची योग्यता कोणत्या वर्गाची, हें अशा जाणत्या मनुष्यास विचारावें कीं ज्यास आपल्या उत्तराबद्दल फी मिळावयाची नाहीं. आणखी एक सोपा उपाय आहे. ज्या महाविद्यालयाची इच्छा आहे, त्याचा एक साधा सामना मुलासह पाहावा. चेंडूचा वेग, अंगाची ताकद, निर्णयाची तत्परता हें सारें त्यानें स्वतः पाहावें, आणि घरीं परततांना त्यालाच बोलूं द्यावें. मुलें आपल्याहून अधिक प्रामाणिक असतात. मात्र त्यांस उत्तर देण्याचें भय वाटतां कामा नये.

दुसरें कर्तव्य पुस्तकांचें. एनसीएएच्या पहिल्या दोन वर्गांत खेळावयाचें तर हायस्कुलांत सोळा मूलभूत अभ्यासक्रम पुरे झाले पाहिजेत. पहिल्या वर्गासाठीं त्यांचें माप असें आहे : इंग्रजी चार वर्षें, गणित तीन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रें दोन, व उरलेले पांच ठरवून दिलेल्या विषयांतून. त्या सोळांपैकीं दहा बारावी लागण्यापूर्वींच व्हावयास हवेत. गुणांची सरासरी चारपैकीं किमान 2.3 पाहिजे. नववींत टाकून दिलेलें गणित बारावींत गोल मारून भरून निघत नाहीं! म्हणून मूल नववींत जातांच शाळेच्या सल्लागार-शिक्षकांस भेटावें व कोणते विषय मान्य आहेत त्याची यादी मागून घ्यावी. ही झाली केवळ नियमाची पायरी. नामांकित महाविद्यालयें ह्याहून पुष्कळ अधिक मागतात. शिवाय दोन खेळाडू तुल्यबळ असतां प्रशिक्षक प्रायः तोच निवडतो, ज्याच्या अभ्यासाची काळजी त्याला करावी लागणार नाहीं.

तिसरें कर्तव्य मुलाला स्वतः पत्र लिहावयास शिकविण्याचें. प्रशिक्षकास जावयाचें पत्र अथवा ईमेल मुलाचें असावें, बापाचें नसावें. त्यांत नांव, शाळा सोडण्याचें वर्ष, खेळण्याची जागा, क्लब, गुणांची सरासरी, येत्या सामन्यांच्या तारखा व ठिकाणें, आणि ह्याच महाविद्यालयांत कां यावेंसें वाटतें तें दोन ओळींत लिहावें. तेंच पत्र केवळ नांव बदलून शंभर ठिकाणीं धाडलें, तर तें वाचणाऱ्यास तात्काळ ओळखूं येतें. सोबत तीनचार मिनिटांची चित्रफीत असावी; उत्तम प्रसंग आधीं, आणि गर्दींत आपला खेळाडू कोणता तें बाणानें दाखविलेलें. संगीताची गरज नाहीं. पूर्ण सामन्याची फीतही जवळ ठेवावी, कारण चेंडू पायाशीं नसतां खेळाडू काय करितो, चूक झाल्यावर मान खालीं घालतो कीं परत धांवतो, हें प्रशिक्षकास त्यांतच दिसतें. प्रशिक्षकाचा फोन आला तर मुलानेंच उचलावा. अडखळला तरी चालेल.

चौथें कर्तव्य धीराचें. पूर्वीं तेथें आठवी-नववींतल्या मुलींकडूनही महाविद्यालयांसाठीं शब्द घेतला जात असे. तो प्रकार आवरण्यासाठीं 2019 सालीं नियम कडक झाले. पहिल्या वर्गाच्या प्रशिक्षकास दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपूर्वीं खेळाडूशीं भरतीविषयीं बोलतां येत नाहीं, व अकरावीपूर्वींच्या 1 ऑगस्टपासूनच महाविद्यालयाच्या भेटीचें आमंत्रण देतां येतें. म्हणून त्या तारखेपूर्वीं पत्राचें उत्तर न आल्यास मुलानें तो अपमान समजूं नये. तारीख उलटल्यावर मात्र मौनाचा अर्थ बहुधा नकार असाच होतो, आणि तो शांतपणें वाचावयास शिकलें पाहिजे. महाविद्यालयाच्या शिबिराचें छापील निमंत्रण आलें म्हणजे निवड झाली असें नव्हे. तीं निमंत्रणें हजारोंनीं जातात व शिबिराची फी आपणच भरावयाची असते. प्रशिक्षक दुसऱ्यांदा सामना पाहावयास येतो, गुणपत्रिका मागतो, "आमच्या यादींत तुझें स्थान अमुक आहे" असें स्पष्ट सांगतो, तेव्हां त्याचा ओढा खरा समजावा. तरीही तोंडचा शब्द हा शब्दच. साह्याच्या करारावर सही होईपर्यंत तो कोणावरही बंधनकारक नसतो.

पांचवें कर्तव्य पैशाविषयीं सावध राहण्याचें, आणि येथें आम्ही थोडें अधिक थांबतों. "पूर्ण शिष्यवृत्ति" हे दोन शब्द आपल्या घरांत फार सैलपणें उच्चारले जातात. अनेक वर्षें पहिल्या वर्गाच्या मुलग्यांच्या संपूर्ण संघास मिळून 9.9 व मुलींच्या संघास 14 शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती, आणि प्रशिक्षक त्या वीसपंचवीस जणांत वांटून देत. कोणास अर्धी, कोणास पाव, कोणास केवळ पुस्तकांपुरती. जून 2025 मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या एका तडजोडीनंतर, ज्या विद्यापीठांनीं ती व्यवस्था स्वीकारली तेथें ही मर्यादा उठली व संघांत 28 हून अधिक खेळाडू नसावे अशी नवी मर्यादा आली. परंतु मर्यादा उठली म्हणून तिजोरी भरली असें होत नाहीं. सॉकर हा तेथें विद्यापीठास द्रव्य मिळवून देणारा खेळ नव्हे. म्हणून सर्वसाधारण खेळाडूच्या घरीं शेवटीं अधिक पैसा वांचवितात ते परीक्षेंतील गुण. ही गोष्ट ज्यांना प्रथम कळते, ते कर्जांतून वांचतात.

दलालांविषयीं सांगावयाचें तें हें. चित्रफीत करून देणें, पत्ते गोळा करून देणें, ह्याबद्दल कोणी ठराविक फी घेतली तर तें नियमाविरुद्ध नाहीं. परंतु शिष्यवृत्ति मिळवून देण्याच्या अटीवर तींतला वांटा मागणें एनसीएएच्या नियमांस सोडून आहे, व त्यानें मुलाची पात्रताच धोक्यांत येते. निवडीची हमी तर कोणीही देऊं शकत नाहीं, कारण निवड प्रशिक्षक करितो आणि प्रवेश महाविद्यालय देतें. येथून मूल पाठवूं पाहणाऱ्यांनीं आणखी जपावें. व्यावसायिक क्लबाशीं केलेला करार पुढें पात्रतेच्या आड येऊं शकतो. तसेंच विद्यार्थी-परवान्यावर गेलेल्या मुलास महाविद्यालयाबाहेर हवी ती नोकरी करून फी भरतां येत नाहीं. दलाल सांगतो त्यावर न जातां महाविद्यालयाच्या प्रवेश-कचेरीस स्वतः पत्र लिहावें. वाडी गहाण ठेवण्यापूर्वीं एक पत्र लिहिणें कठीण नाहीं.

आणि ह्या मोहाचा शेवट कोठें होतो, तेंही जगानें पाहिलें आहे. 2019 सालीं अमेरिकेंत एक खटला उघडकीस आला. श्रीमंत आईबापांनीं एका दलालामार्फत प्रशिक्षकांस लांच देऊन, कधीं न खेळलेल्या आपल्या मुलांस खेळाडू म्हणून विद्यापीठांत घुसविलें होतें. येल विद्यापीठाच्या महिला सॉकरसंघाच्या तत्कालीन प्रशिक्षकानें आपला गुन्हा न्यायालयांत कबूल केला, व त्या दलालास 2023 सालीं साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. प्रत्येक खोट्या नांवामागें एका खऱ्या खेळाडूची जागा गेली असेल, हें विसरूं नये. आपल्यापैकीं कोणी एवढ्या थरास जाणार नाहीं. परंतु चित्रफितींत दुसऱ्याचा गोल घालणें, उंची दोन इंच वाढवून लिहिणें, हीं त्याच वाटेवरचीं पहिलीं पाउलें होत. मूल तें पाहत असतें, आणि आपल्या योग्यतेवर आईबापांचाच विश्वास नाहीं, एवढाच धडा त्यांतून शिकतें.

सहावें कर्तव्य निवडीचें. महाविद्यालय पाहावयास जाल तेव्हां मैदान व पोशाख पाहून भुलूं नका. त्या संघांतील मुलें चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात काय, दौऱ्यावर असतां बुडालेले तास कसे भरून काढतात, दुखापत झाल्यास साह्य चालू राहतें काय, प्रशिक्षक किती वर्षें तेथें आहेत, हें विचारा. प्रशिक्षक बदलतात, आज ज्यानें बोलाविलें तो उद्यां दुसरीकडे जाईल. म्हणून मुलापुढें एकच प्रश्न ठेवावा : पहिल्याच महिन्यांत पाय मोडला व पुन्हां कधीं खेळतां आलें नाहीं, तरी तूं ह्या महाविद्यालयांत आनंदानें राहशील काय? "होय" असें उत्तर आल्यास तें महाविद्यालय योग्य.

अमेरिकेंत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील मुलगी गोलरक्षक होती. मोठ्या विद्यापीठानें तिला थोडीशी शिष्यवृत्ति देऊं केली. संघांत तिच्यापुढें आधींच तीन गोलरक्षक होत्या. तिसऱ्या वर्गाच्या एका लहान महाविद्यालयानें खेळासाठीं कांहीं दिलें नाहीं, पण तेथें परिचारिकेचा अभ्यासक्रम होता व गुणांवर चांगलें साह्य होतें. नातलगांत पहिलें नांव सांगावयास मोठें वाटलें असतें. मुलीनें दुसरें निवडलें, आणि बापानें मन घट्ट करून मान्य केलें. दुसऱ्या वर्षीं तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. मुलींच्या सॉकरमध्यें ही दुखापत मुलग्यांहून अधिक आढळते. तिचा खेळ तेथेंच संपला; शिक्षण संपलें नाहीं. आज ती एका रुग्णालयांत रात्रपाळी करिते, व रविवारीं आपल्या धर्मग्रामांतील लहान मुलींस चेंडू अडवावयास शिकविते. आम्ही तिला अपयशी खेळाडू म्हणावें काय?

बंधुभगिनींनो, शंभरांत पांचसात निवडले जातात, तेव्हां उरलेले नव्वदांहून अधिक जण कोठें जातात, हा प्रश्न धर्मग्रामानें विचारिला पाहिजे. नकाराचें पत्र ज्या दिवशीं येतें, त्या दिवशीं मुलाला प्रशिक्षकाची गरज नसते, आईबापांची असते. त्या दिवशीं "अमक्याचा मुलगा गेला, तूं राहिलास" हें वाक्य घरांत उच्चारूं नका. "तुझ्यासाठीं एवढा खर्च केला" हेंही उच्चारूं नका. मुलानें खेळांत दहा वर्षें जो घाम गाळला त्याचें फळ त्याच्या अंगांत, त्याच्या शिस्तींत, त्याच्या मित्रांत आहे. तें कोणा प्रशिक्षकाच्या यादीवर अवलंबून नाहीं. आणि खेळावयाची आवड राहिलीच, तर तेथील बहुतेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीं चालविलेले साधे क्लबसंघही असतात. तेथें जागा मिळणें पुष्कळ सोपें.

आपण काय करूं शकतों? सेंट लुइसच्या मुलांस जें मिळालें, तें देणें आपल्याही शक्तींत आहे. चर्चचें मैदान संध्याकाळीं मोकळें ठेवूं. सामन्यानंतर एक तास अभ्यासिकेचा दिवा लावूं. आपल्यांतील जे तरुण अमेरिकेंतील महाविद्यालयांत शिकून आले आहेत, त्यांनीं धाकट्यांचीं पत्रें तपासून द्यावीं. लिहून देऊं नयेत. ज्यांस त्या देशाचे नियम ठाऊक आहेत, त्यांनीं ते दलालाच्या आधीं शेजाऱ्यास सांगावे. नियम बदलत असतात, म्हणून दर वर्षीं ते संस्थेच्याच प्रकाशनांतून पुन्हां पाहून घ्यावे.

मुलांनो, आतां शेवटचा शब्द तुम्हांस. संत पौलानें ख्रिस्ती जीवनाची तुलना शर्यतीशीं केली, ती मैदान पाहिलेल्या मनुष्याची तुलना आहे. धांवा, मनापासून धांवा, आणि आपलें पत्र आपल्या हातानें लिहा. उत्तर येईल अथवा येणार नाहीं; तुम्ही ह्या घरचीं मुलें आहां, हें त्या उत्तरावर ठरत नाहीं.

देव तुमच्या पायांस बळ, बुद्धीस प्रकाश व आईबापांस धीर देवो. आमेन.